मागील दारची प्रयोगशाळा

शाळा सुरू होऊन पावसाने जम बसवला की, सुट्टीत घराघरांत काय काय घडले याची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. यंदा त्यांत घरी प्रयोग करणाऱ्या मुलांविषयीची पत्रे इतकी आहेत की, हे सदर या वेळी त्यांनाच द्यायचे ठरवले. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. त्या घरात झालेला अपघात उद्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही आंबा बागायतदाराच्या घरी होऊ शकतो, म्हणून ते लांबू दिले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा असून यंदा आठवीत गेला आहे. आमची हापूसची कलमे आहेत. वानरांचा उपद्रव फार वाढल्याने माझ्या यजमानांनी दोन वर्षांपूर्वी बाजारातून पाइपची, कार्बाइडवर वाजणारी बंदूक आणली. या मे महिन्यात मुलाने आणि मुंबईहून आलेल्या माझ्या पुतण्याने पंपाच्या उरलेल्या पाइपची तशीच बंदूक मागील दारी तयार केली. ती दोनदा वाजली. तिसऱ्यांदा वाजेना, म्हणून पुतण्या वाकून आत बघू लागला आणि तेवढ्यात ती उडाली. तोंड जरा कडेला असल्याने भुवया आणि पुढचे केस जळण्यावर निभावले. यजमानांनी त्याच संध्याकाळी मुलाचे सगळे साहित्य, म्हणजे तारा, भिंगे, मोटारी, एवढेच नव्हे तर त्याची वहीसुद्धा न्हाणीघरातल्या बंबात घातली. तेव्हापासून मुलगा वडिलांशी बोलत नाही. परवा त्याच्या दप्तरात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला कार्बाइडचा खडा मला मिळाला. मी ते अजून घरात कोणाला सांगितलेले नाही. सासूबाई म्हणतात, मुलगे असेच असतात, मोठा झाला की सुधारेल. मी काय करावे?

— एक आई, देवगड तालुका

उत्तर : आधी तो खडा. तो गटारात, विहिरीच्या कडेला किंवा केराच्या डब्यात टाकू नका आणि दमट डब्यात घट्ट झाकण लावूनही ठेवू नका. कोकणातल्या जून-जुलैच्या हवेतली ओलसुद्धा त्यातून वायू सुटायला पुरेशी असते. खडा सुपारीपेक्षा लहान असेल तर पाऊस नसलेल्या वेळी, चुलीपासून आणि विडी ओढणाऱ्या माणसांपासून लांब, उघड्या खळ्यात पाण्याने भरलेली बादली ठेवून तो तिच्यात सोडावा आणि बादली दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच उघडी राहू द्यावी. यापेक्षा जास्त माल असल्यास जिथून आणला तिथे तो कोरडाच परत करावा. हे काम मुलाला बरोबर घेऊन करा; तो खडा बादलीत टाकला की तुमचे गुपित संपते आणि त्याचेही. बुडबुडे येतील, लसणासारखा वास येईल, तळाशी पांढरा गाळ बसेल. तो गाळ म्हणजे चुना. वास कार्बाइडमधल्या अशुद्ध द्रव्यांतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूचा असतो. याच मालात आर्सेनिकचेही अंश असतात, आणि म्हणूनच आंबे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास आपल्या देशात बंदी आहे. आंब्याच्या व्यवहारातल्या तुमच्या घराला हे नवे नसेल, पण मुलाला कोणी समजावून सांगितले आहे का, हे विचारून पाहा.

दुसरी निकडीची गोष्ट पुतण्याच्या डोळ्याची. केस जळण्यावर निभावले असे तुम्ही लिहिता. तरीही डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला तपासले नसेल, तर मुंबईला फोन करून ते आजच करायला सांगा. या बंदुकीतून ज्वाळेबरोबर ओला चुना आणि अर्धवट विरघळलेले कण बाहेर उडतात. अल्कली डोळ्यात गेली की ती आम्लापेक्षा खोल शिरते आणि इजा होतेवेळी जेवढी दिसते तेवढ्यावर थांबत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या दिवसांत, भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर गावांत याच बंदुकांनी शंभरावर लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत बहुतेक मुले होती आणि काहींची दृष्टी गेली. कित्येकांनी तुमच्या पुतण्याने केले तेच केले होते : वाजली नाही, म्हणून नळीत डोकावले.

ती का उडाली, हे मुलाला समजले पाहिजे, कारण त्याच्या मनात आज बहुधा एवढेच आहे की, चुलतभावाने मूर्खपणा केला. कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू सुटतो. हरभऱ्याएवढा, सुमारे एक ग्रॅमचा खडा जवळजवळ एक तृतीयांश लिटर वायू देतो, आणि खडा संपेपर्यंत तो सुटतच राहतो. घरच्या सिलिंडरमधला गॅस हवेत साधारण दोन ते नऊ टक्के मिसळलेला असतानाच पेट घेतो. ॲसिटिलीन मात्र अडीच टक्क्यांपासून पार ऐंशी टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात स्फोट पावू शकतो. म्हणजे ठिणगी पडूनही बंदूक वाजली नाही, याचा अर्थ ती विझली असा होत नाही. आत मिश्रण जमत असते आणि पुढच्या ठिणगीची वाट पाहत असते. प्लॅस्टिकचा पाइप फुटला तर त्याच्या चिरफळ्या होतात, आणि त्या क्ष-किरणांच्या चित्रातही नीट दिसत नाहीत, त्यामुळे शरीरात गेलेला तुकडा शोधणे शल्यविशारदाला अवघड जाते. या साऱ्या माहितीत भीती घालण्यासाठी मुद्दाम वाढवून सांगितलेले काहीही नाही, आणि तेराव्या वर्षी मुलाला नेमका हाच फरक कळतो.

आता यजमानांविषयी. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. भावाचा मुलगा आपल्या दारात आंधळा होता होता वाचला, तर कोणाचाही तोल जाईल. पण एक गोष्ट त्यांनी स्वतःशी कबूल केली पाहिजे. ही बंदूक मुलाने कुठल्या व्हिडिओत पाहिली नाही. त्याने ती आपल्या वडिलांच्या हातात, डोळ्यांवर चष्मा नसताना, रोज सकाळी वाजताना पाहिली. ज्या वस्तूला घरात अवजाराचा मान आहे, तीच मुलाने केली की तिला खेळ म्हणायचे, हे त्याला पटणार नाही. वडिलांनी त्याला एकदा स्पष्टपणे सांगावे की, ही वस्तू घरात आणण्यात माझीही चूक झाली आणि ती आता बागेतूनही गेली. वानरांसाठी राखणदार, कुत्रा, डबे वाजवणे असे जुने उपाय फारसे चालत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही ही बंदूक तुमच्या घरात राहिली, तर मुलाला घातलेली बंदी टिकणार नाही, असे माझे मत आहे. आणि वही जाळली, ते मात्र चुकलेच. तारा आणि मोटारी पुन्हा मिळतील. त्या वहीची भरपाई म्हणून वडिलांनी स्वतः दुकानात जाऊन, चांगल्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी वही आणून त्याच्या हातात द्यावी. त्या वेळी फार काही बोलले नाही तरी चालेल.

हे मी निव्वळ तत्त्व म्हणून सांगत नाही. किनाऱ्यालगतच्या एका हायस्कुलात मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. एका जुलैत, आठवीच्या वर्गात, रॉकेलच्या बाटलीतून चिमट्याने सोडियम काढून मी त्याचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा परातीतल्या पाण्यावर सोडला. तो गोल होऊन फुसफुसत पाण्यावर पळाला आणि वर्ग उभा राहिला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, मोठा टाकला तर?” तास संपत आला होता. मी म्हटले, “ते परीक्षेला नाही.” मधल्या सुट्टीत त्या मुलाने बाटलीतला तुकडा वहीच्या कागदात गुंडाळून खिशात घातला, कारण उत्तर त्याला घरच्या विहिरीवर शोधायचे होते. घरी जाताना पाणंदीत पावसाची सर आली. मांडीवर रुपयाच्या नाण्याहून मोठा, काळपट डाग घेऊन तो महिनाभर घरी बसला. चोरी त्याची होती, हे खरे. पण कपाटाला कुलूप नव्हते, आणि त्याच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर हे उत्तरच नव्हते, या दोन्ही गोष्टी माझ्याकडे येतात. त्यानंतर मी ‘मोठा टाकला तर’ या प्रश्नाला कधीही टाळले नाही. मोठा टाकला तर काय होते ते सांगायचे, आकडे द्यायचे, कोणाचे काय झाले ते सांगायचे. हम्फ्री डेव्हीसारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या डोळ्याला १८१२ मध्ये नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटाने इजा झाली आणि लिहिता येईना, म्हणून काही दिवस लेखनिक म्हणून त्याने ज्या तरुणाला बोलावले, तो पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला आणि पुढे स्वतःच मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे होता. ही गोष्ट मुलांना फार आवडते; अपघाताचा भाग त्यांच्या लक्षात राहतो आणि फॅरडेचाही.

तुमच्या सासूबाईंचे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. कुतूहल वयाबरोबर ‘सुधारावे’ अशी इच्छा करू नये. ते अनेकदा खरोखरच सुधारते, म्हणजे नाहीसे होते. बंदीमुळे तुमच्या मुलाचा प्रयोग थांबलेला नाही, तो मागील दारातून दप्तरात गेला आहे. तो तिथून पुढच्या पडवीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर आणायचा आहे. पडवीत त्याला एक फळी आणि एक कुलपाचा डबा द्या. डब्याची किल्ली त्याच्याकडे असू द्या, आणि बदल्यात एक अट घाला : वहीत चार ओळी लिहून मोठ्या माणसाला दाखवल्याशिवाय काहीही सुरू करायचे नाही. मी काय करणार, काय होईल असे मला वाटते, काय बिघडू शकेल, आणि बिघडले तर मी काय करीन. माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिलेले पान मला अजून आठवते. “बाटलीत खायचा सोडा आणि लिंबाचा रस. बूच लावणार नाही, कारण वायूला बाहेर जायला वाट पाहिजे. बिघडू शकेल : ओटा घाण होईल. बिघडले तर : आई ओरडेल.” शेवटच्या ओळीपुढे मी लाल शाईने ‘हा अपघात नव्हे’ असे लिहिले होते. तिसऱ्या ओळीवर मुले सुरुवातीला कंटाळतात. महिन्याभरात तीच त्यांना सर्वांत आवडू लागते, कारण काय काय बिघडू शकेल याची कल्पना करण्यात त्यांच्या इतके तरबेज कोणी नसते. पाहणाऱ्या मोठ्या माणसाने मात्र ती वाचली पाहिजे. न वाचता सही करणाऱ्या पालकाला मुले दोन दिवसांत ओळखतात.

त्याला नेमके काय आवडते, हेही विचारा. केवळ आवाज आवडत असेल, तर ओहोटीच्या वेळी रिकाम्या पुळणीवर पाण्याचे रॉकेट उडवता येते : सोडावॉटरची जाड प्लॅस्टिकची (काचेची नव्हे) बाटली, एक तृतीयांश पाणी, बुचातून सायकलच्या पंपाची सुई, डोळ्यांना चष्मा आणि पंप मारणाऱ्याचे तोंड बाटलीपासून लांब. कोन बदलून किती अंतर जाते ते पावलांनी मोजावे. पाण्याची साधी पातळ बाटली यासाठी वापरू नये.

पण मला वाटते, त्याला कार्बाइडमध्येच रस आहे, आणि तो तुमच्याच धंद्यातून आलेला आहे. मग त्याला तिकडेच न्या. आंबा पिकताना स्वतःच इथिलीन वायू सोडतो आणि त्या वायूने शेजारचा आंबा पिकू लागतो. कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन या इथिलीनची नक्कल करतो. नियमांनुसार फळे पिकवायला इथिलीन वायूची, शंभर पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग), परवानगी आहे आणि कार्बाइडला नाही. आता आंबा संपला, तेव्हा हिरव्या केळ्यांवर सुरुवात करावी. एक फणी उघड्यावर, एक कागदी खोक्यात, एक खोक्यात पिकलेल्या केळ्यासह. रोज वजन, रंग आणि दाबून पाहिलेला मऊपणा वहीत लिहावा. पुढच्या हंगामात वडिलांनी त्याला आढीचा एक कोपरा द्यावा : भाताच्या पेंढ्यात चोवीस फळे, आणि मध्ये खुपसलेला थर्मामीटर. आढी आतून गरम होते हे तुमच्या यजमानांना हाताने कळते. ती किती अंशांनी गरम होते आणि कोणत्या दिवशी सर्वांत जास्त, हे बहुधा त्यांनीही मोजले नसेल. बाप-लेकांचे बोलणे कुठून सुरू होईल, असे मला विचाराल तर ते तिथून होईल.

प्रश्न : माझा नातू ९ वर्षांचा आहे. त्याचे आई-वडील नोकरीनिमित्त मुंबईत असल्याने तो आमच्या दोघांकडे असतो. तो पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरातील प्रत्येक वस्तू उघडतो. गेल्या आठवड्यात त्याने इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पाना ठेवला, मोठी ठिणगी उडाली आणि पान्याला खाच पडली. मी सेवानिवृत्त आहे, विजेतले मला काही कळत नाही. त्याला विजेपासून पूर्णपणे दूर ठेवावे का?

— एक आजोबा, गुहागर

उत्तर : दूर ठेवणे आपल्याला जमणार नाही, आणि विजेतले काही कळत नाही असे म्हणत बसणेही आता परवडणार नाही. सुदैवाने जे कळायला हवे ते थोडे आहे.

घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. शरीरातून दहा-वीस मिलिअँपिअर प्रवाह गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही; तीसच्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येते. आपल्या मुख्य पेटीत जे एमसीबीचे खटके आहेत, ते तारा जळू नयेत म्हणून असतात. त्यांतला सर्वांत लहान खटकासुद्धा कित्येक अँपिअरचा असल्याने माणसाला धक्का बसला तरी तो पडत नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, ज्याला वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात. तो ३० मिलिअँपिअरचा, नामांकित बनावटीचा, पुढच्या आठवड्यातच बसवून घ्या. त्यावर चाचणीचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून खटका पडतो की नाही, हे पाहण्याचे काम नातवाकडे द्या. तो एकही महिना चुकवणार नाही. त्याच वेळी वायरमनला अर्थिंग तपासायला सांगा. आपल्याकडची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी होते आणि अर्थिंग नावापुरते उरते, तर पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन बटणांनाच मुंग्या येऊ लागतात.

इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची. तिचा धक्का बसत नाही, म्हणून मुलांना आणि मोठ्यांनाही ती निरुपद्रवी वाटते. पण तिची दोन टोके धातूने जोडली, तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि पान्याला खाच पडते ती त्यामुळे. हातात अंगठी किंवा कडे असते, तर तेही तापून कातडीत रुतले असते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि आत गंधकाम्ल असते. तिला हवा खेळती राहील असे, कुलपाचे लाकडी कपाट करा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा तिच्याशिवाय भागत नाही, हे खरेच आहे. प्रश्न फक्त जागेचा आहे.

उघडायला द्यायच्या वस्तू आपण स्वतः निवडा. जुना रेडिओ, बंद पडलेले गजराचे घड्याळ, बिघडलेला मिक्सर. पण हातात देण्यापूर्वी तिची वायर मुळापासून कापून टाका, म्हणजे ती पुन्हा भिंतीत खुपसण्याचा मोह राहत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन, जुना फुगीर टीव्ही आणि डास मारायची रॅकेट यांच्यात वीज काढून घेतल्यावरही साठलेली असते, तेव्हा त्या नकोत. मोबाइलची किंवा पॉवर बँकची बॅटरी टोचली की पेट घेते आणि पाणी मारूनही पुन्हा पेटते, तीही नको; आणि घरात लहान भावंड येत-जात असेल, तर घड्याळातल्या चपट्या बटण-सेलवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, कारण गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. बाकी टॉर्चचे सेल, एलईडी, तारा आणि खेळण्यातली मोटार एवढ्यावर नऊ वर्षांच्या मुलाचे दोन पावसाळे सहज जातात. फॅरडेने तरुणपणी अर्ध्या पेनीची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद यांचा थर रचून आपली पहिली बॅटरी केली होती. आपल्याकडे तांब्याची पट्टी, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे आणि आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, वाटी आहे. आगळ खारट आणि आंबट दोन्ही असल्याने तो मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरावा. ठरतो का, ते नातवाने छोट्या मीटरवर मोजून आपल्याला दाखवावे. त्या वाटीतला आगळ नंतर सोलकढीला मात्र वापरू नये, त्यात जस्त उतरलेले असते.

आणखी एक गोष्ट, कारण वळवाच्या पावसाच्या दिवसांत कोणी ना कोणी मला हे विचारतेच. ढगांतली वीज पतंगाने उतरवण्याचा बेंजामिन फ्रँकलिनचा १७५२ चा प्रयोग पाठ्यपुस्तकात गोड वाटतो. पुढच्याच वर्षी, १७५३ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला वादळातली वीज मोजू पाहणारा गेओर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ जागच्या जागी मृत्युमुखी पडला. गोष्ट सांगायची तर दोन्ही वर्षांची सांगावी.

नातवाला कधी धक्का बसलाच, तर त्याला हात न लावता आधी मुख्य बटण बंद करायचे आणि १०८ ला फोन करायचा, हे आजींनाही दाखवून ठेवा. आणि मुख्य बटण कुठे आहे, ते त्यांनी स्वतः एकदा बंद करून पाहावे.

प्रश्न : माझ्या १२ वर्षांच्या मुलाने संडास धुण्याचे ॲसिड आणि विहिरीत टाकायची टीसीएल पावडर एका डब्यात मिसळली. पिवळट धूर आला, दोघांनाही जोराचा खोकला झाला. “फेस येतो का ते पाहत होतो,” असे तो म्हणतो. हे धोकादायक होते का?

— एक आई, वेंगुर्ले

उत्तर : होय, फार. तो धूर क्लोरीन वायूचा होता. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र येथे विषारी वायू म्हणून जो मोठ्या प्रमाणावर सोडला गेला, तोच हा. विहीर शुद्ध करणारी टीसीएल पावडर आणि संडासचे ॲसिड या दोन्ही वस्तू कोकणातल्या जवळपास प्रत्येक न्हाणीघरात शेजारी शेजारी असतात. त्या आजच वेगळ्या खोल्यांत, उंचावर ठेवा. द्रवरूप ब्लीच आणि ॲसिड यांनाही हेच लागू आहे. पुन्हा असे घडल्यास डबा उचलायला जाऊ नये. सर्वांनी वारा जिकडून येतो त्या बाजूला उघड्यावर यावे, आणि दम लागला किंवा खोकला थांबला नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण फुप्फुसांची सूज काही तासांनंतरही वाढू शकते. फेस पाहायचा असेल, तर तो सोडा आणि लिंबाने येतो. आणि रंग पाहायचा असेल, तर जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस काढून त्यात एका वाटीत लिंबू आणि दुसऱ्या वाटीत साबणाचे पाणी घालावे. हळदीत चुन्याची निवळी घातली की लाल रंग होतो, तो का, हे विचारायला त्याला वेळ लागणार नाही. फक्त ती निवळी तुम्ही स्वतः करून द्या. पानाचा चुना मुलांच्या डोळ्यात जाण्याचे अपघात खेड्यापाड्यांतून नेहमी होतात; तसे झाले तर डोळा चोळू न देता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटे धरावा आणि मगच वाहन शोधावे.

प्रश्न : या सदरात मुलग्यांबद्दलच लिहिले जाते. माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिच्या भावाला अंगणात काहीही पेटवायची मुभा आहे. तिने काजूच्या बिया भाजायला मागितल्या, तर सासूबाईंनी “हात भाजशील, डाग राहील” असे म्हणून तिला आत पाठवले.

— एक आई, दापोली

उत्तर : तक्रार रास्त आहे. पत्रे मुलग्यांविषयी येतात, त्याचे कारण बहुधा हेच असावे की, मुलींचे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच आत पाठवले जातात. भाजल्याचा डाग भावाच्या हातावरही राहतोच.

गंमत अशी की, काजूची बी भाजणे हा घरगुती प्रयोगांपैकी खरोखरीच धोक्याचा प्रयोग आहे, आणि तो नीट शिकवू शकेल अशी व्यक्ती तुमच्या घरात सासूबाईच आहेत. टरफलातल्या तेलाने कातडीला फोड येतात, आणि ते तेल तापले की पिचकारीसारखे उडून पेटते. म्हणून भोके पाडलेला पत्रा तीन दगडांवर, उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असा मांडतात. लांब काठीने बिया हलवतात, धुरात तोंड घालत नाहीत, बिया पेटल्या की पत्रा उलटून वर राख किंवा माती टाकतात आणि फोडण्यापूर्वी हातांना राख चोळतात. यातली प्रत्येक कृती कोणीतरी कधीतरी भाजल्यानंतर ठरलेली आहे. मुलीचे केस घट्ट बांधलेले, कपडे सुती आणि बाजूला पाण्याची भरलेली बादली असावी. भाजलेच, तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली हात धरावा; खोबरेल, हळद, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये, ही एक गोष्ट मात्र सासूबाईंना नव्याने सांगावी लागेल.

मुलीने वहीत ‘राख का’, ‘वारा पाठीमागून का’, ‘भोके का’ असे प्रश्न लिहून आजीला विचारावेत आणि आजीला येणार नाहीत ती उत्तरे या सदराकडे पाठवावीत. ती लिहीत असताना चहा टाकायला म्हणून तिला उठवू नये. भाऊ तिथेच असेल, त्याला उठवावे.